चिकूचे जेवण आणि आमचा हिशेब

छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला नोंद ठेवल्याशिवाय चैन पडत नाही. निवृत्तीनंतर दुधाचा, औषधांचा आणि घरपट्टीचा हिशेब लिहिण्यापलीकडे माझ्या या सवयीला काही काम उरले नव्हते. गेल्या वर्षी मात्र मी तब्बल पाच महिने एका पालीच्या वजनाची खतावणी लिहिली. हे वाचून काही वाचक हसतील, हसावे. परंतु ज्यांची मुले-नातवंडे परदेशी आहेत आणि ज्यांच्या घरी असे प्राणी आता पाळले जाऊ लागले आहेत, त्यांना हा अनुभव उपयोगी पडेल असे वाटल्यावरून तो येथे सविस्तर मांडतो.

आमची कन्या अमेरिकेत शिकागोच्या पश्चिमेस नेपरव्हिल या गावी राहते. मे महिन्याच्या मध्यास आम्ही उभयता सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी तिच्याकडे गेलो. पहिल्या रात्री दिवस-रात्रीच्या उलटापालटीमुळे झोप येईना. दोनच्या सुमारास कोठून तरी रातकिड्यांचा किर्रकिर्र आवाज ऐकू येऊ लागला. सांगलीच्या जुन्या घरात पावसाळ्यात हा आवाज नित्याचा. परंतु खिडक्या-दारे घट्ट बंद असलेल्या त्या घरात तो येतो कोठून, हे कळेना. सकाळी चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी झाकणाला छिद्रे पाडलेला एक प्लास्टिकचा डबा होता आणि त्यात वीस-पंचवीस जिवंत रातकिडे होते. ते आमच्या नातवाच्या पालीचे अन्न होते.

दहा वर्षांच्या नातवाला जावयांनी वाढदिवसाला क्रेस्टेड गेको नावाची पाल आणून दिली होती. रंग पिकलेल्या चिकूसारखा, म्हणून नाव चिकू. उंच काचेच्या पेटीत, फांद्या आणि पाने यांच्यात तो राहतो. डोळ्यांवर पापण्यांच्या केसांसारखी खवल्यांची झालर असते, प्रत्यक्षात मात्र त्याला पापण्याच नाहीत. डोळे स्वच्छ ठेवण्यासाठी तो ते जिभेने चाटतो. दिवसभर पानाआड स्वस्थ पडून राहायचे आणि अंधार पडला की हालचाल सुरू करायची, हा त्याचा क्रम. नातू आठवड्यातून तीनदा डब्यातील दोन-तीन रातकिडे एका पिशवीत घेई, त्यांच्यावर कॅल्शियमची पांढरी भुकटी टाकून पिशवी हलवी आणि ते पेटीत सोडी. पुढे जे घडे ते पाहायला त्याला आवडत नसे, हे मला नंतर कळले. तो किडे सोडून लगेच खोलीबाहेर येत असे.

सौभाग्यवतींनी पहिले काही दिवस एक शब्दही काढला नाही. लेकीचे घर असले तरी ते तिचे आणि जावयांचे घर. तेथील रीत आपण ठरवायची नाही, ही त्यांची जुनी शिस्त. परंतु रात्री तो आवाज सुरू झाला की त्या माळ घेऊन उठून बसत. एके दिवशी नातवानेच विचारले, "आजी, तुला चिकू आवडत नाही का?" त्या म्हणाल्या, "चिकू आवडतो रे बाळा. पण त्या डब्यातले ओरडतात ना, त्यांना पुढचं ठाऊक नसतं, मला असतं. म्हणून झोप येत नाही." त्यावर नातू थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मला पण ते करायला आवडत नाही. पण मी नाही दिलं तर चिकू मरेल. मग ते पाप नाही का?"

प्रश्न सरळ होता आणि मुलाने तो अचूक मांडला होता. चातुर्मास दीड-पावणेदोन महिन्यांवर आला होता. कर्जाचा अर्ज आल्यावर आधी कागदपत्रे वाचायची, मत नंतर द्यायचे, असे मी आयुष्यभर केले. येथेही तेच केले आणि या प्राण्याविषयी जे मिळाले ते वाचून काढले.

क्रेस्टेड गेको हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस असलेल्या न्यू कॅलेडोनिया या फ्रेंच ताब्यातील बेटांचा रहिवासी. १८६६ साली फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ गिशनो यांनी त्याचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. पुढे तो कोणाच्या दृष्टीस पडेना, म्हणून नामशेष झाला असे समजले जाई. १९९४ साली तो पुन्हा सापडला. आज जगभरच्या घरांत असलेले हे प्राणी बंदिस्त पैदाशीतून आलेले आहेत. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, रानात हा प्राणी कीटक खातो, तसाच पिकलेल्या फळांचा गर आणि फुलांतील मधुरसही चाटतो. म्हणजे तो निव्वळ कीटकभक्षी नाही. याच स्वभावाचा उपयोग करून अ‍ॅलन रेपॅशी या अमेरिकन गृहस्थांनी त्याच्यासाठी भुकटीच्या रूपात संपूर्ण आहार तयार केला. भुकटी पाण्यात कालवायची आणि वाटीत ठेवायची. आता अनेक उत्पादकांच्या अशा भुकट्या मिळतात आणि योग्य भुकटीवर हा गेको जिवंत कीटकांवाचून सबंध आयुष्य काढू शकतो. त्याचे आयुष्यही थोडके नाही; नीट सांभाळल्यास तो १५ ते २० वर्षे जगतो.

हे ऐकून सौभाग्यवतींना हुरूप आला. "मग भुकटी कशाला? पिकलेलं केळं कुस्करून देऊ, आंब्याचा रस देऊ," असे त्यांनी सुचवले. परंतु एवढे सोपे ते नव्हते. पूर्वी तेथील लोकही लहान मुलांसाठी डबाबंद मिळणारा फळांचा गर देत असत. त्यात साखर भरपूर, पण प्रथिने आणि कॅल्शियम अपुरे. या प्राण्याच्या आहारात फॉस्फरसच्या साधारण दुप्पट कॅल्शियम असावे लागते आणि ते शोषले जाण्यासाठी ड-३ जीवनसत्त्व लागते. हे प्रमाण बिघडले की शरीर हाडांतून कॅल्शियम काढून घेऊ लागते. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, शेपटीला बाक येतो. भांडवल मोडून घरखर्च चालवावा, तसाच तो प्रकार. केळ्यात फॉस्फरस अधिक आणि कॅल्शियम अगदी कमी. रातकिड्यांतही तीच उणीव असते, म्हणून तर त्यांच्यावर पांढरी भुकटी टाकावी लागते. तेव्हा फळाचा गर हा कधीमधी द्यायचा खाऊ होऊ शकतो, जेवण नव्हे. दया करायला जाऊन प्राण्याला पांगळे करण्यात कसला धर्म?

कन्येने बाजारातून फळांची चित्रे असलेले भुकटीचे एक पाकीट आणले. जावयांनी दशांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा, आपल्याकडे सराफांच्या दुकानात असतो तसा छोटा काटा मागवला. १० जून रोजी चिकूचे वजन ३८.२ ग्रॅम भरले. म्हणजे आपल्या जुन्या मापाने जेमतेम सव्वातीन तोळे. एवढ्याशा जिवाच्या बाबतीत एक ग्रॅमही किती मोठा, हे वजन लिहिताना जाणवले.

शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्या वाचकांना स्टॉप लॉस हा शब्द नवा नाही. तोटा किती सोसायचा, ते आधी ठरवायचे आणि ती मर्यादा आली की मनाला न विचारता बाहेर पडायचे. मी घरातल्या सर्वांना एकत्र बसवले आणि तशीच मर्यादा ठरवून घेतली. वजन ३५ ग्रॅमच्या खाली गेले, तर कोणाचेही व्रत आड येऊ न देता चिकूला रातकिडे द्यायचे. सौभाग्यवतींनी मान डोलावली. त्या वेळी ती मर्यादा खरोखर ओलांडली जाईल असे आम्हांपैकी कोणालाच वाटले नव्हते.

त्या दिवसापासून आम्ही रातकिडे एकदम बंद केले. जून महिन्यात तेथे सूर्यास्त साडेआठच्या सुमारास होतो. आमचे जेवण त्यापूर्वी आटोपे आणि साडेनऊला नातू चिकूची वाटी भरून ठेवी. रात्रिभोजन वर्ज्य असलेल्या घरात एकाचे ताट मात्र अंधार पडल्यावर मांडले जाई, याची आम्ही थट्टाही करत असू. पण सकाळी पाहावे तो वाटी जशीच्या तशी, वर साय धरल्यासारखा पापुद्रा. १४ जून, ३७.४. १८ जून, ३६.१. आकडे लिहिताना माझा हात जड होऊ लागला. बुडीत जाणाऱ्या खात्याची पुढची ओळ लिहिताना जसे वाटे, तसे. नातू शाळेला उन्हाळी सुट्टी असूनही खेळायला बाहेर जाईना. पेटीसमोर बसून राही.

२२ जूनच्या संध्याकाळी काट्याने ३४.९ दाखवले. कन्या माझ्याकडे पाहू लागली, मी सौभाग्यवतींकडे. खरे सांगतो, एक दशांश ग्रॅमचा तर प्रश्न आहे, आणखी एक दिवस पाहू, असे शब्द माझ्या ओठांवर आले होते. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "ठरलंय ते ठरलंय. माझा नियम मी पाळायचा आहे, त्याच्या पोटावर नाही." त्यांनी नातवाला जवळ घेतले आणि म्हणाल्या, "तू दे. तुला एकट्याला नको वाटत असेल तर मी तुझ्याजवळ थांबते." जन्मभर पाण्याचे गाळणे न चुकवलेली ती बाई नातवाचा हात धरून त्या पेटीसमोर उभी राहिली. दोन रातकिडे आत गेले. चिकूने पहिला क्षणार्धात पकडला. या वेळी नातू खोलीबाहेर गेला नाही. दुसऱ्या दिवशी सौभाग्यवतींनी उपवास केला आणि त्याचे कारण कोणाला सांगितले नाही. कोणी विचारलेही नाही.

त्याच आठवड्यात आम्ही सरपटणाऱ्या प्राण्यांची जाण असलेल्या एका पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी चिकूचा जबडा, पाय आणि शेपटी तपासली आणि प्राणी निरोगी असल्याचे सांगितले. मग माझी वही पाहून ते हसले आणि आमच्या चुका एकेक करून दाखवल्या.

पहिली चूक, आम्ही वाटी पेटीच्या तळाशी ठेवत होतो. हा झाडावर राहणारा प्राणी. त्याचे अन्न उंचावर, त्याच्या येण्याजाण्याच्या फांदीजवळ असले पाहिजे. दुसरी चूक, उन्हाळ्यातील वातानुकूलनामुळे पेटीतील हवा कोरडी पडत होती आणि अन्नही लवकर सुकत होते. संध्याकाळी पाण्याचा फवारा मारून पेटी ओलसर करावी आणि तपमान २२ ते २६ अंशांच्या दरम्यान ठेवावे, असे त्यांनी सांगितले. तिसरी आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे घाई. हलत्या भक्ष्याची सवय लागलेल्या प्राण्याला स्थिर वाटीतले लापशीसारखे पदार्थ अन्न म्हणून ओळखताच येत नाहीत. एक सवय मोडण्याआधी दुसरी लागू द्यावी लागते.

त्यांनी सांगितलेली पद्धत आम्ही पुढे काटेकोरपणे पाळली. इतरांच्या उपयोगासाठी ती येथे देतो. भुकटीचा एक भाग आणि पाण्याचे दोन भाग घेऊन मिश्रण करावे, पाच मिनिटे तसेच ठेवावे आणि ते टोमॅटोच्या सॉसइतके दाट झाले की वाटीत घालावे. वाटी उंचावर, पानांजवळ अडकवावी. दिवे मालवल्यानंतरच ठेवावी आणि २४ तासांनी उरलेले टाकून द्यावे. सुरुवातीला कापसाच्या काडीने मिश्रणाचा बारीक ठिपका प्राण्याच्या ओठाच्या कडेला लावावा. तो चाटतो आणि चव ओळखू लागतो. तोंड बळजबरीने उघडू नये; नाकपुडीत मिश्रण जाऊ देऊ नये. हातात धरताना शेपटीला ताण देऊ नये, कारण या जातीची शेपटी एकदा तुटली की पुन्हा उगवत नाही. कीटक एकदम बंद न करता त्यांचे दिवस लांबवत न्यावेत आणि कीटक द्यायच्या दिवशी तो मिश्रणात बुडवून द्यावा, म्हणजे चवीची सांगड बसते. वजन आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, एकाच काट्यावर करावे. मोठ्या निरोगी प्राण्याने काही दिवस तोंड फिरवले तर घाबरू नये. परंतु वजन दहा टक्क्यांनी घटण्याची वाट पाहत बसू नये. अगदी लहान पिलांवर तर उपवासाचा प्रयोग करूच नये. आणि संपूर्ण आहाराच्या भुकटीत ड-३ व कॅल्शियम आधीच असल्यामुळे वरून आपल्या मनाने आणखी काही मिसळू नये.

२८ जूनला दोन, ५ जुलैला एक आणि १२ जुलैला एक, असे रातकिडे दिले गेले. मधल्या रात्री केवळ वाटी. ८ जुलैच्या सकाळी नातू धावत आला आणि त्याने मला पेटीपाशी ओढत नेले. वाटीतील मिश्रणावर जिभेच्या बारीक रेघा उमटल्या होत्या आणि काचेवर नवी विष्ठा होती. हा प्राणी इतके थोडे चाटतो की वाटीकडे पाहून पुष्कळदा काहीच कळत नाही. विष्ठा हाच त्याचा पक्का पुरावा.

तरीही माझे समाधान होईना. वाटीतले वजन घटले ते चिकूने खाल्ल्यामुळे की पाणी उडून गेल्यामुळे? बँकेत दोन खाती जुळवून पाहतात, तसे मी केले. एकसारख्या दोन वाट्यांत प्रत्येकी ८.० ग्रॅम मिश्रण घेतले. एक उघडी ठेवली आणि दुसरी शेजारीच, पण चिकूची जीभ पोहोचणार नाही अशा जाळीखाली. सकाळी जाळीखालची वाटी ७.१ भरली आणि उघडी ६.५. फरक ०.६ ग्रॅम. हा आकडा मी नातवाला दाखवला तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, म्हणजे हे नक्की त्याच्या पोटात गेलं!" त्रैराशिकाला कंटाळणाऱ्या त्या मुलाने पुढचे आठ दिवस वजाबाक्या स्वतः केल्या.

आता प्रश्न उरला डब्यातील रातकिड्यांचा. १२ जुलैनंतर डब्यात १४ शिल्लक होते. सौभाग्यवतींना ते बागेत सोडून द्यावेत असे वाटत होते. परंतु दुकानासाठी वाढवलेले कीटक असे बाहेर सोडू नयेत. त्यांच्याबरोबर रोग पसरू शकतात आणि सोडलेला कीटक तेथे तग धरेलच असेही नाही. शेवटी ठरले की त्यांचे आयुष्य असेल तितके त्यांना येथेच सांभाळायचे. आमच्या घरात रातकिड्यांची पांजरपोळ सुरू झाली, असे जावई म्हणत. अंड्यांच्या पुठ्ठ्याऐवजी त्यांना साध्या पुठ्ठ्याच्या घड्या लपायला दिल्या. तेथे सामान्यतः त्यांना गाजर देतात. आमच्या लेकीच्या घरात कंदमुळे येत नाहीत, म्हणून सफरचंदाची फोड, कोबीचे पान आणि ओट्स दिले. पाण्यात पडून मरू नयेत म्हणून ओला कापूस ठेवला. मात्र डब्यात ओली माती राहू दिली नाही, कारण मादी त्यात अंडी घालते आणि पांजरपोळीचा व्याप वाढत गेला असता. रातकिड्याचे आयुष्य दोन-तीन महिन्यांचे. एकेक करून ते आपल्या मरणाने गेले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री आवाज आला नाही. सौभाग्यवती त्या रात्रीही उठून बसल्या होत्या.

येथवर सर्व सुरळीत झाले असे आम्ही मानत होतो. पहिले पाकीट संपत आले म्हणून तसेच दुसरे मागवायचे ठरले, तेव्हा मी मागील बाजूचा बारीक मजकूर भिंग घेऊन वाचला. कर्जाच्या करारातील शेवटच्या पानावरची बारीक अक्षरे वाचा, असे हजारो ग्राहकांना सांगणाऱ्या मी हे पाकीट दोन महिने वाचले नव्हते. समोर फळांची चित्रे होती आणि घटकांच्या यादीत वाळवलेल्या अळ्यांची पूड होती. डब्यातील आठ-दहा रातकिडे आम्ही मोजत बसलो होतो आणि चमच्या-चमच्याने न मोजलेले जीव वाटीत घालत होतो. हिंसा आमच्या घरातून निघून एखाद्या कारखान्यात गेली होती. खात्यातून नाहीशी झाली नव्हती. ताळेबंदाच्या बाहेर ठेवलेले देणे हे देणेच असते, हे मला तरी वेगळे सांगायला नको होते.

मनात आले, हे सांगावेच कशाला? चिकू खातो आहे, घर शांत आहे, पर्युषण जवळ आले आहे. परंतु लपवलेली नोंद मला पचली नसती. संध्याकाळी सर्वांना सांगितले. नातू रडवेला झाला. सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, "अळ्या नसलेली मिळते का?" मिळत होती. एकाच उत्पादकाच्या काही प्रकारांत कीटक असतात, काहींत नसतात, म्हणून प्रत्येक पाकीट स्वतंत्रपणे वाचावे लागते. कीटकविरहित भुकटी आणली. यावेळी घाई केली नाही. पहिले चार दिवस तीन भाग जुनी व एक भाग नवी, नंतर निम्मी-निम्मी, नंतर एक भाग जुनी व तीन भाग नवी, असे करत दोन आठवड्यांत बदल पूर्ण केला.

या नव्या भुकटीतही अंड्याची पूड आणि दुधापासून काढलेले व्हे प्रथिन होते. काही भुकट्यांत मधमाश्यांनी गोळा केलेले परागही असतात. प्रथिनांची गरज भागवण्यासाठी अनेक उत्पादक हे घटक घालतात. जावयांना वाटले, आता पुन्हा अडणार. सौभाग्यवती म्हणाल्या, "आपल्या ताटातलं आपण ठरवू. त्याच्या ताटातलं जेवढं कमी करता येईल तेवढं केलं. उरलेलं लिहून ठेवा, विसरू नका म्हणजे झालं." मी वहीत तसे लिहिले. त्याच पानावर बदलाच्या काळात चिकूला दिलेल्या सहा रातकिड्यांचीही नोंद आहे.

आता थोडे सर्वसाधारण, कारण 'गेको भुकटीवर राहतो' एवढेच वाचून कोणी चुकीचा प्राणी घरी आणू नये. क्रेस्टेड गेको आणि त्याच्याच बेटांवरचा गार्गॉइल गेको यांना फळांच्या आधारावरचा तयार आहार चालतो. परंतु दुकानांत सर्वाधिक दिसणारा, ठिपक्यांचा लेपर्ड गेको हा अफगाणिस्तान, पाकिस्तान व वायव्य भारत या कोरड्या प्रदेशातील कीटकभक्षी प्राणी आहे. आफ्रिकेचा जाड शेपटीचा गेकोही तसाच. त्यांना फळे पचत नाहीत. त्यांच्यासाठीही तयार आहार मिळतो, पण तो कीटकांच्या पिठापासूनच केलेला असतो. त्यामुळे जिवंत किडे हाताळण्याचा त्रास वाचतो, इतकेच. अशा प्राण्याला शाकाहारी करू पाहणे म्हणजे त्याला सावकाश उपाशी मारणे होय. जो प्राणी आधीच घरी आला आहे, त्याला त्याचे अन्न दिलेच पाहिजे.

म्हणून खरा निर्णय पाकीट घेताना नव्हे, प्राणी घेताना करायचा असतो. मुलाने हट्ट धरला तर खरेदीपूर्वी चार प्रश्न विचारावेत. हा प्राणी निसर्गात काय खातो? ते अन्न आपल्या घरात, आपल्या हाताने देण्याची आपली तयारी आहे काय? तो किती वर्षे जगतो आणि मूल शिक्षणासाठी दूर गेल्यावर त्याला कोण सांभाळणार? आणि आपण राहतो तेथील कायदा काय म्हणतो? भारतात २०२२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील दुरुस्तीनंतर आंतरराष्ट्रीय यादीतील परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम लागू झाले आहेत. तेव्हा येथील वाचकांनी वन विभागाकडे चौकशी केल्यावाचून काही विकत घेऊ नये. चारांपैकी एका जरी प्रश्नाचे उत्तर अडले, तरी मुलाला प्रेमाने नाही म्हणावे. आमच्या जावयांनी पुढे मोकळेपणाने कबूल केले की, वाढदिवसाच्या आदल्या दिवशी त्यांनी यांपैकी एकही प्रश्न विचारला नव्हता.

नोव्हेंबरच्या आरंभी आम्ही परत निघालो. निघताना मी वही नातवाच्या स्वाधीन केली. शेवटची माझ्या अक्षरातील नोंद ३९.६ ग्रॅमची आहे. आता दर रविवारी सकाळी, म्हणजे तेथील शनिवारी रात्री, त्याचा फोन येतो. आधी तो आकडा सांगतो, मग शाळेचे. परवाचा आकडा ४०.१ होता. सौभाग्यवती शेजारून विचारतात, "जेवला का रे तो?" तिकडून उत्तर येते, "आजी, आत्ताच वाटी ठेवली. दिवा बंद केलाय." मग त्या समाधानाने आपल्या सामायिकाला बसतात.